दमट हवेतलं निवृत्त जीवन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघं विषुववृत्ताजवळच्या एका देशात राहायला आलो. वर्ष व्हायच्या आत चामड्याचे पट्टे, पुस्तकं, बॅगा सगळ्यांना बुरशी लागली. एसी १८ अंशांवर लावतो, तरी कुबट वास जात नाही. काय चुकतंय?

उत्तर : ते १८ अंशच चुकतायत. खोली जितकी गार, तितक्या तिच्या भिंती आणि फर्निचर गार. दार उघडलं की बाहेरच्या दमट हवेतलं पाणी त्यांच्यावरच धरतं. त्यातून लहान खोलीला मोठा एसी असेल तर तो चटकन गारवा देऊन थांबतो, हवेतलं पाणी ओढायला त्याला वेळच मिळत नाही. कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखा फिरत राहिला, तर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं. म्हणून तापमान २५-२६, पंखा ‘ऑटो’वर, आणि पावसाळी दिवसांत ‘ड्राय’ मोड.

एक साधा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) घ्या आणि तो कपाटाच्या आत ठेवा, दिवाणखान्यात नको. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीची वाढ अडते; दिवसचे दिवस ७०च्या वर राहिली की चामड्याचं काही खरं नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. आलेली बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क लावून, साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि वस्तू पंख्याखाली पूर्ण वाळवा. ब्लीच वापरत असाल तर व्हिनेगर जवळपासही नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो. सिलिका जेल उघड्या कपाटात टाकणं फुकट. घट्ट झाकणाच्या डब्यातच त्याचा उपयोग.

महिना-दोन महिने घर बंद ठेवणार असाल तर कपाटांची दारं उघडी ठेवा, बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये (पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या नळीत) पाणी ओतून वर चमचा-दोन चमचे खाद्यतेल सोडा, म्हणजे ते पाणी लवकर उडत नाही आणि गटाराचा वास वर येत नाही. कुंड्यांखालच्या बशा नुसत्या रिकाम्या करू नका, घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी काठाला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात.

प्रश्न : यांचं वय ७१, रक्तदाब आहे, लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. इथे आल्यापासून उठताना भोवळ येते. शरीराला सवय व्हायला किती दिवस लागतात?

उत्तर : निरोगी तरुणाला आठवडा-दोन आठवडे पुरतात. सत्तरीत जास्त लागतात, आणि ही गोळी चालू असेल तर नुसती वाट बघत बसू नका. घाम जातोय, वर गोळीही पाणी काढतेय, आणि या वयात तहान उशिरा लागते. दमट हवेत घाम उडत नाही, नुसता ओघळतो. म्हणजे पाणीही गेलं आणि अंगही गार झालं नाही.

आठवडाभर हे करा : पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस तेच ठरवतील, मनाने गोळी बंद करू नका. सकाळी लघवीनंतर वजन करा. एका दिवसात किलोभर उतरलं तर ते बहुतेक पाणीच. मात्र उपाय म्हणून तांब्यावर तांबे साधं पाणीही रिचवू नका, या गोळ्यांवर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ओआरएससुद्धा विचारूनच. उन्हात असंबद्ध बोलायला लागले तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी टाकून वारा घाला.

आणखी एक, विचारलेलं नसलं तरी. ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. रोजची अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. डेंग्यूत ताप उतरला की लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात, पण पुढचे २४ ते ४८ तास सर्वांत जोखमीचे. पोट दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण गळून जाणं : यातलं एक जरी दिसलं तरी थेट रुग्णालय.

प्रश्न : सगळे महिने सारखेच वाटतात. कंटाळा नाही, पण काळ हातातून निसटल्यासारखा वाटतो.

उत्तर : विषुववृत्ताजवळ दिवस बाराही महिने साधारण बारा तासांचा, संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. वर्ष मोजायच्या खुणाच नाहीत. त्या बाहेरून आणाव्या लागतात, आणि आपल्यावाचून अडेल असं काम त्यासाठी सर्वांत चांगलं. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्थानिक भाषेचा वर्ग, तोही सकाळी दहाच्या आत. नुसत्या निवृत्त परदेशी लोकांच्या कट्ट्यावर बसलात तर बोलणं व्हिसा आणि दुखणी यापलीकडे फारसं जात नाही.

प्रश्न : घर विकत घ्यावं का? मृत्युपत्र एकच पुरेल का?

उत्तर : एक अख्खा पावसाळा भाड्याने काढल्याशिवाय घेऊ नका. छत कुठे गळतं, रस्त्यावर पाणी कुठवर चढतं, वीज किती वेळ जाते, हे कोरड्या महिन्यांत कोणी सांगत नाही. शिवाय बऱ्याच देशांत परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. दुसऱ्याच्या नावावर घेण्याची ‘सोय’ सुचवणाऱ्यापासून लांब राहा.

मालमत्ता दोन देशांत असेल तर दोन मृत्युपत्रं सोयीची, पण नव्या मृत्युपत्रातलं ठरावीक वाक्य तपासा : ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं मी रद्द करतो.’ तेवढ्या एका ओळीने मायदेशातलंही रद्द होऊ शकतं. तिथे ‘फक्त या देशातील मालमत्तेपुरती’ असं वकिलाकडून घालून घ्या आणि दोन्ही वकिलांना एकमेकांचे मसुदे पाठवा.