वाचकांचे प्रश्न : सरकारी माइकमागे गेलेला पत्रकार परत येतो का?

प्रश्न : जिल्ह्याच्या पेपरात रिपोर्टर आहे, एका मंत्र्यांच्या ऑफिसातून मीडियाचं काम बघणार का म्हणून निरोप आलाय. पगार जवळपास डबल. पण मित्र म्हणतात एकदा तिकडे गेलास की परत पेपरात कोण उभं करणार नाही. खरंच असं आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, परत आलेले आहेत. जेरल्ड टेरहॉर्स्टचं बघा. अमेरिकेतल्या डेट्रॉइट न्यूज ह्या पेपरचा वॉशिंग्टनचा ब्युरो चीफ, जेराल्ड फोर्डला त्यांच्या ग्रँड रॅपिड्स गावापासून, म्हणजे 1948 च्या पहिल्या निवडणुकीपासून ओळखणारा. ऑगस्ट 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननी वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसातली घुसखोरी दडपल्याच्या भानगडीत, राजीनामा दिला, फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी ह्याला प्रेस सेक्रेटरी, म्हणजे पत्रकारांशी बोलणारा प्रवक्ता केलं. त्या प्रकरणात सरकारी खोटं ऐकून पोळलेले पत्रकार खूश, कारण आपलाच माणूस आत गेला. मग निक्सनना माफी मिळणार का असं कोणी विचारलं की हा आत चौकशी करायचा आणि बाहेर येऊन तसं काही नाही म्हणून सांगायचा, आणि आत तर माफीची तयारी चालू होती! त्याला कळलं ते घोषणेच्या आदल्या दिवशी. 8 सप्टेंबरला माफी जाहीर झाली आणि त्याच दिवशी ह्याने राजीनामा दिला, नोकरी जेमतेम महिनाभर.

लोक म्हणतात फसवलं म्हणून गेला. पण राजीनाम्याच्या पत्रात त्याने मुद्दा वेगळाच धरलाय, की व्हिएतनामला जायला नकार देणाऱ्या पोरांना माफी नाही, निक्सनच्या हाताखालच्यांना नाही, मग एकट्या निक्सनना का, हे मी लोकांपुढे पटवून देऊ शकत नाही. नंतर तो परत डेट्रॉइट न्यूजमध्ये कॉलम लिहायला लागला आणि पत्रकारांनी त्याला मानानेच घेतलं.

आपल्याकडे कुलदीप नय्यर. सुरुवात उर्दू पेपरात, मग गोविंद वल्लभ पंत आणि लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना त्यांच्या खात्यात माहिती अधिकारी, तिथून यूएनआय ही वृत्तसंस्था. 1964 मध्ये नेहरूंच्या निधनानंतर मोरारजी पंतप्रधानपदासाठी उभे आहेत ही बातमी त्यांनीच दिली, आणि मोरारजींचे लोक म्हणत राहिले की ह्याने जुन्या साहेबांसाठी, म्हणजे त्याच पदाच्या स्पर्धेतल्या शास्त्रींसाठी केलं. हा डाग मात्र चिकटतो बरं का, तयारी ठेवा. पण आणीबाणीत तुरुंगात गेले तेव्हा सरकारी माणूस म्हणायला कोणाची जीभ उचलली नसेल.

तेव्हा पगाराआधी एवढंच विचारा की निर्णय व्हायच्या आधी मला सांगणार की झाल्यावर? साहेबांच्या केबिनमध्ये थेट जाता येईल की पीएच्या टेबलापाशी थांबावं लागेल? टेरहॉर्स्टचं घोडं तिथेच अडलं. आणि लेखी ऑर्डर हातात पडेपर्यंत पेपरचा राजीनामा देऊ नका, मंत्र्यांच्या ऑफिसातली असली नेमणूक बहुतेक वेळा मंत्रिपदाबरोबरच जाते.