बुलेटमागचा तंबू : आधी वजनकाटा, मग व्हिडिओ

गेल्या अंकात मोटरसायकलमागे जोडायच्या कॅम्पिंग ट्रेलरबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यावर भरपूर पत्रं आली. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन चाकांवर बसवलेली एक पेटी असते. झाकण उघडून पसरलं की आत गादीसकट तंबू उभा राहतो. अमेरिकेत होंडा गोल्डविंगसारख्या सहा सिलिंडरच्या अवजड गाड्यांमागे असे ट्रेलर बऱ्याच वर्षांपासून फिरतात. आता आपल्या उद्यमनगरातली, गोकुळ शिरगावातली काही पोरं ते बनवू बघतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. उसाच्या ट्रॉल्या बनवण्यात माझं आयुष्य गेलं. ओढणारं एक आणि मागून येणारं दुसरं, या जोडीत काय काय घडतं ते मी जवळून पाहिलंय. म्हणून या वेळचं सगळं सदर याच पत्रांना दिलं आहे.

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० साठी कॅम्पिंग ट्रेलर बनवला आहे. मोकळा ओढून पाहिला, ताशी ८० च्या वेगालासुद्धा मागे काही आहे असं वाटत नाही. लई भारी झालाय. रील टाकून बुकिंग सुरू करावं का? (इचलकरंजी)

उत्तर : पोरांनो, बुकिंग आज नको. तुमचं काम बघायची मला उत्सुकता आहे, पण मोकळा ट्रेलर खरं काहीच सांगत नाही. गिऱ्हाईक तो भरणार. गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, कपडे, आणि माणूस आपल्याकडचा असला तर तांबड्या-पांढऱ्याची भांडीसुद्धा.

आधी वजन ठरवा. मी यासाठी ब्रिटनचा नियम धरतो, कारण तो सोपा आणि सावध आहे. भरलेला ट्रेलर १५० किलो किंवा मोटरसायकलच्या कर्ब वजनाच्या (इंधन-तेलासकट, पण माणसाविना गाडीचं वजन) दोन तृतीयांश, यांतलं जे कमी असेल तेवढाच. रुंदी १ मीटरपेक्षा जास्त नाही. बाईकच्या मागच्या आसापासून ट्रेलरच्या शेवटच्या टोकापर्यंत २.५ मीटरच्या आत. क्लासिकचं कर्ब वजन १९५ किलो आहे, म्हणजे तुमच्या वाट्याला सामानासकट १३० किलो आले. आपल्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्याला जाड अँगल लावल्याशिवाय झोप येत नाही, ट्रॉलीची सवय. मोकळा ट्रेलरच ८५ किलोचा झाला तर सामानाला ४५ उरतात, आणि ते तंबू-गादीतच संपतात. चौकोनी पाइप वापरा, पातळ पत्रा वापरा, जोड कमी ठेवा.

मग दांडीवरचा भार, म्हणजे ट्रेलरची पुढची दांडी बाईकच्या जोडणीवर जेवढं वजन टाकते तो. तो एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा, १२० किलोच्या ट्रेलरला १२ किलो. मोजायला काही लागत नाही. ट्रेलर सपाट जागी ठेवा, दांडी जोडणीच्या उंचीवर येईल असा ठोकळा घ्या, त्याखाली घरातला वजनकाटा सरकवा. ज्यांच्या दारात बैलगाडी होती त्यांना उलाळ गाडी ठाऊक आहे. माल मागे गेला की जू बैलाच्या मानेवरून वर उचलतं. इथं बैलाच्या जागी बाईकचं मागचं चाक आहे. त्यावरचा दाब कमी झाला की वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो, आणि एका मर्यादेपुढे तो आपला आपण थांबत नाही. उलट दांडीवर फारच भार आला तर बाईकचं पुढचं चाक हलकं होतं, हँडल सैल लागतं.

चाचणीला पाण्याचे २० लिटरचे कॅन घ्या. एक कॅन म्हणजे २० किलो, हिशेब डोक्यात होतो. हंगाम संपला की साखर कारखान्याचं उसाच्या गाड्यांचं आवार रिकामं असतं. लेखी परवानगी मागा, बहुतेक ठिकाणी कुणीतरी ओळखीचं निघतंच. तिथं आधी कॅन आसाच्या थोडे पुढे ठेवून चालवा, मग आसावर. मागे ठेवून फक्त सावकाश, आणि तेसुद्धा हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याचे पॅड घालूनच. ताशी ४०, ५०, ६०, असं चढत जा. प्रत्येक वेगाला हँडलला अगदी हलका झटका द्या. ट्रेलर एक-दोनदा हलून शांत झाला तर पुढे जा. हलतच राहिला तर अॅक्सिलेटर सावकाश सोडा, हँडल धरून ठेवा, पुढचा ब्रेक दाबू नका. त्या दिवशी त्या वेगाच्या पुढे जायचं नाही. दांडी लांबवा, भार पुढे घ्या, पुन्हा सुरू करा.

आणि जोडणी. ट्रॅक्टरची पिन आणि कडं इथं चालणार नाही. बाईक वळणात झुकते, ट्रेलर झुकत नाही, त्यामुळे जोड दांडीच्या अक्षाभोवती मोकळा फिरायला हवा. बाईक बंद करून, दोघांनी धरून, जुन्या टायरवर आडवी झोपवा. ट्रेलर दोन्ही चाकांवर उभाच राहिला पाहिजे. त्याचं एक चाक उचललं तर तो जोड वळणात तुमची बाईक पिळणार. जोडणीचा कंस चासीच्या मुख्य पाइपांना बांधा, मागच्या कॅरिअरला किंवा मडगार्डच्या पट्टीला कधीच नाही. दोन साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या घ्या, म्हणजे जोड सुटला तरी दांडी साखळीत अडकते, रस्त्यात रुतत नाही.

चाचणी संपल्यावर ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबला हात लावा. एक गरम, दुसरा गार असेल तर बेअरिंगची बसणी बघा. नटांवर आधीच रंगाची रेघ ओढून ठेवली असेल तर ढिला झालेला नट लगेच दिसतो. आणि वेल्डिंगवर पेनिट्रंट मारा. आपल्या फौंड्र्यांत कास्टिंगच्या चिरा शोधायला लाल रंग आणि वरून पांढरा डेव्हलपर मारतात, तोच. डोळ्याला न दिसणारी चीर पांढऱ्यावर लाल रेघ होऊन येते. हे वैभव दुसऱ्या गावात इतक्या सहज मिळत नाही, त्याचा उपयोग करा.

प्रश्न : मी स्वतः ३५० सीसीची बाईक चालवते. ट्रेलर घेऊन आंबा घाटातून गणपतीपुळ्याला जायचा विचार आहे. गाडी ओढेल का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, ओढेल. शंभराला दहा असा चढ आणि १२० किलोचा ट्रेलर धरला तर इंजिनावर १२ किलोची जादा ओढ येते. एवढं इंजिन सोसतं. चढावर मधेच थांबून पुन्हा उठवताना मात्र क्लच तापतो, म्हणून पुढच्या ट्रकला चिकटू नका.

माझी काळजी उताराची आहे. गाडी आणि तुम्ही मिळून २६० किलो धरू. मागे १२० आले की ३८०. त्याच वेगातून थांबायला जवळजवळ ४६ टक्के जास्त ऊर्जा ब्रेकना जिरवावी लागते, आणि ब्रेक तेच आहेत. आंब्यापासून साखरप्याकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर उतरा. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर संपवा. वळणात झुकलेल्या बाईकला ब्रेक लावला तर ट्रेलर मागून तिरका ढकलतो आणि मागचं चाक बाजूला निसटतं. तीव्र वळणावर ट्रेलरचं आतलं चाक तुमच्या चाकापेक्षा आतून जातं, तेव्हा दगडी कठड्याला आणि गटाराला जागा सोडून वळा. खड्ड्यांचंही तसंच. तुम्ही खड्डा बाजूने चुकवलात तरी मागची दोन चाकं तुमच्या डावी-उजवीने येतात, त्यांतलं एक नेमकं त्यात जातं. रस्ता लांबून वाचायची सवय लावून घ्या.

बाईकला रिव्हर्स नाही, हे विसरू नका. मलकापुरात चहाला थांबलात तरी पुढून निघता येईल अशीच गाडी लावा. या वजनाच्या बाईकवर ट्रेलर असताना मागे दुसरं माणूस बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पहिला घाट आंबा नको. वाघबिळावरून पन्हाळ्याचा चढ-उतार आधी करा, भरलेल्या ट्रेलरसह, दिवसा. ऊस हंगामात अंधारात तर नकोच. बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमागे कितीजण आदळतात हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. स्वतःच्या ट्रेलरलाही मागे लाल आणि बाजूला पिवळे रिफ्लेक्टर लावून घ्या.

प्रश्न : पोलिसांनी अडवलं तर काय सांगायचं? (सांगली)

उत्तर : सांगायचं काही नाही, कागद दाखवायचे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे कलम ३९ प्रमाणे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्षाचा विमा लागतो, आणि कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसला पाहिजे. बाईकच्या मूळ रचनेत बदल करायचा तर कलम ५२ आडवं येतं. बनवून विकायचं असेल तर नमुन्याची कोणती चाचणी लागते हेही आधी विचारून घ्या. अशी चाचणी पुण्याची एआरएआय, सीआयआरटी किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडे होते. म्हणून पहिलं वेल्डिंग करण्याआधी ड्रॉइंग घेऊन कोल्हापूरच्या आरटीओत जा आणि मोटरसायकलमागच्या ट्रेलरला परवानगी मिळेल का हे लेखी विचारा. इचलकरंजीच्या मित्रांनाही हेच सांगणं आहे, नोंदणी नसलेला ट्रेलर पुन्हा रस्त्यावर काढू नका. बाईकसोबत आलेलं पुस्तकही उघडा. त्यात ट्रेलर ओढू नये असं छापलं असेल तर त्या गाडीचा विचार सोडा.

प्रश्न : चाकं केवढी असावीत? (गडहिंग्लज)

उत्तर : स्कूटरची १२ इंची. गडहिंग्लजलाही टायर-ट्यूब मिळते, पंक्चर कुणीही काढतो. ८ इंची चाक दिसायला गोजिरं, पण त्याच वेगाला जास्त फेरे फिरतं, बेअरिंग तापतं आणि आपल्या स्पीडब्रेकरवर आपटतं.

प्रश्न : दाजीपूरच्या जंगलात ट्रेलर लावून रात्र काढता येईल का? (कागल)

उत्तर : परवानगीशिवाय नाही. राधानगरी अभयारण्य गव्यांचं आहे, पाहुणे आपण आहोत. आत कुठे जायचं, कुठे राहायचं हे वन विभाग ठरवतो, आणि पावसाळ्यात पर्यटन बंद असतं. त्यापेक्षा राधानगरी-फोंडा रस्त्यालगत ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर विचारून मुक्काम करा, त्याला चार पैसे द्या, सकाळी कचरा सोबत आणा. मसाई पठारावर तर चाकंच नेऊ नका. कातळावर बोटभर माती, त्यात पावसानंतरची ती फुलं. एकदा चाकोरी पडली की पुढच्या वर्षी तिथं काही उगवत नाही.

प्रश्न : भावाच्या वर्कशॉपच्या ट्रेलरचं पत्रक मी लिहिते. ‘कोणत्याही बाईकला जोडा’, ‘पाच मिनिटांत तंबू तयार’, ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ अशा तीन ओळी ठरल्या आहेत. कशा वाटतात? (शिरोली)

उत्तर : तिन्ही खोडा. जीव तोडून बनवलेल्या वस्तूला असल्या ओळींची गरज नसते, म्हणून इतकं ठाम सांगतोय.

‘कोणत्याही बाईकला’ वाचून एखादा पोरगा १०० सीसीच्या गाडीला ट्रेलर जोडेल आणि गगनबावड्याकडे निघेल. ब्रिटनच्या नियमात १२५ सीसी आणि त्याखालच्या गाडीला ट्रेलर जोडताच येत नाही. तुम्ही गाड्यांची नावं लिहा, ज्यांच्यामागे भावाने स्वतः भरलेला ट्रेलर चालवून पाहिलाय तेवढीच. तीनच असली तर तीनच.

‘पाच मिनिटांत’ हे भावाच्या हाताचं मोजमाप आहे, त्यानेच तर तो बनवलाय. तुमच्या आत्याला बोलवा, ज्यांनी तो तंबू कधी पाहिला नाही. कुणी काही सांगायचं नाही, फक्त घड्याळ लावायचं. एकदा उजेडात, एकदा अंधारात बॅटरी धरून. जो वेळ लागेल तो छापा. आत्या जिथं अडतील तिथं भावाने डिझाइन बदलावं. पत्रकापेक्षा याचा फायदा मोठा.

पाण्याचं तर आपल्याकडे निसर्गानेच परीक्षा केंद्र दिलंय. जुलैत गगनबावड्यात ओळखीच्या कुणाच्या अंगणात ट्रेलर टेम्पोतून नेऊन रात्रभर उघडा ठेवा. आत कोरडी वर्तमानपत्रं अंथरा. सकाळी कोणतं पान भिजलंय त्यावरून चेनीतून, शिलाईतून की झाकणाच्या रबरातून पाणी आलं ते कळेल. छतावर आतून दव धरलं असेल तर ती गळती नव्हे, हवा खेळायला जागा कमी पडतेय. कापडावर पाण्याच्या दाबाचा आकडा मिलिमीटरमध्ये छापलेला असतो, तो पत्रकात द्या, पण शिलाईवर टेप मारली नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यावरही बंदी येऊ शकते, तेव्हा ज्या रीलवाल्या मित्राला तुम्ही ट्रेलर देणार आहात त्यालाही हे वाचायला द्या. त्याला सांगा, रंकाळ्यावरचं सूर्यास्ताचं दृश्य एक घे, पण उतारावर ब्रेक लावतानाचं, ट्रेलर सोडून हाताने वळवतानाचं आणि वजनकाट्यावरचं दृश्यही घे. घेणारा तेच बघायला थांबतो. रस्त्यावरचं चित्रीकरण नोंदणी झाल्यावरच.

पत्रकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात चार आकडे हवेत : मोकळं वजन, जास्तीत जास्त भरलेलं वजन, दांडीवरचा भार, आणि तुमच्या चाचणीत जिथंपर्यंत ट्रेलर शांत राहिला त्याच्या बराच खालचा वेग. तेच आकडे पेटीच्या झाकणावर आतून पत्र्यावर कोरून लावा, कारण पत्रक हरवतं. आणि वर्कशॉपच्या दारात एक वजनकाटा कायमचा ठेवा. गिऱ्हाईकाने स्वतःचं सामान घेऊन यावं, तुमच्यासमोर भरावं, मोजावं. ज्याची गाडी या आकड्यांत बसत नाही त्याचे पैसे घेऊ नका. तो चहा पिऊन परत जाईल आणि ज्याच्याकडे बसणारी गाडी आहे त्याला तुमच्याकडे पाठवेल.