ओसीआय कार्डवाला भाचा आणि किन्नौरमार्गे स्पिती: आधी परमिट बघा

ताई, बूट, जॅकेट, होमस्टेचं जेवण यावर तुम्ही भरभरून विचारलंय आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय: भाचा अमेरिकेचा आहे, पण ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असल्यामुळे हिमाचलातल्या शिमला-किन्नौर-स्पिती रस्त्यावर त्याला काही अडचण नाही ना? ती ओळ वाचून पोटात गोळाच आला. अडचण आहे. बुटांचं राहू द्या, आधी हे निस्तरा.

रेकाँग पिओच्या पुढून सुमदोपर्यंतचा पट्टा तिबेटच्या सीमेलगत आहे. तिथून जायला परदेशी नागरिकाला परमिट लागतं आणि या बाबतीत ओसीआयवाला परदेशीच धरतात. गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत ते स्पष्ट लिहिलंय: संरक्षित आणि प्रतिबंधित क्षेत्रात जायला परवानगी हवी. त्याच अधिसूचनेत राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेश शुल्कात मात्र त्यांना भारतीयांच्या बरोबरीने धरलंय. म्हणजे पेंचच्या गेटवर पोरगा आपला अन् किन्नौरच्या चेकपोस्टवर परका. पेंचला एकदा आपल्या दरात आत सोडलं की माणूस समजतो, झालं, आता सगळीकडे असंच.

माझ्या बहिणीचा मुलगा आला होता तेव्हा मी नागपुरातूनच फोन लावला होता, थेट परमिट देणाऱ्या एका कार्यालयात. कोणतं ते सांगत नाही, नावं घेऊन काही होत नसतं. उत्तर मिळालं, "ओसीआय? वो तो इंडियन ही हुआ. कोई परमिट नहीं." म्हणून निर्धास्त निघालो. रस्त्यात गाडीवाल्याने शंका काढली, तेव्हा खात्रीसाठी त्याच कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूंनी ओसीआयची ती निळसर पुस्तिका उलटसुलट केली, वरच्या राजमुद्रेवर बोट ठेवलं, मग पोराचा अमेरिकन पासपोर्ट उघडला आणि दोन्ही परत सरकवले. परमिट लागेल. अर्ज नोंदणीकृत एजंटमार्फत. एजंट जेवायला गेलेला. तो आला तर सही करणारे साहेब दौऱ्यावर. दिवस शुक्रवार, म्हणजे आता सोमवारी या. फोनवर तुमच्याकडूनच नाही म्हणाले होते, असं म्हटलं तर उलट मलाच विचारतात, "किसने बोला? नाम बताइए." आता फोन उचलणाऱ्याचं नाव कोण लिहून ठेवतं हो? बाजूला पंखा गरगरत होता, त्याखाली एक फ्रेंच जोडपं सकाळपासून बसलेलं. त्यांच्याकडे बघून पुढचं बोलणंच खुंटलं.

वाटाड्या आणि होमस्टे सोमवारपासून ठरलेले होते. म्हणून उलटे फिरलो, जलोडी जोत (खिंड) ओलांडून मनाली, अटल बोगदा, मग कुंझुम खिंड (४,५५१ मीटर) आणि स्पितीतलं काझा. मनालीकडून काझाला परमिट लागत नाही. पण खरा फटका पैशाचा नव्हता, उंचीचा होता. शिमल्याकडून जाताना कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत अंग हळूहळू सरावतं. मनालीत तुम्ही साधारण २,०५० मीटरवर झोपता आणि दुसऱ्या रात्री काझाला ३,८०० वर. डॉक्टर लोकांचा नियम असा की ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. आम्ही त्याची पार वाट लावली.

काझाच्या वरच्या लांगझा गावी (४,४०० मीटरच्या आसपास) पोहोचलो त्या संध्याकाळी भाच्याला थुक्पा समोर आल्याबरोबर उलटी झाली. डोकं फुटतंय म्हणत होता. पंचविशीचा, मॅरेथॉन धावणारा पोरगा. उंचीचा त्रास किती चढलाय ते बघायला आमच्या वाटाड्याने त्याला अंगणात सरळ रेषेत, पावलाला पाऊल लावून चालायला लावलं. पोराचा तोल गेला नाही, तरी वाटाड्या म्हणाला रात्र इथे काढायची नाही. गाडी बोलावून आम्हाला काझाला उतरवलं. माझे साडू "पैसे भरलेत ना आपण" म्हणून कुरकुरत होते, पण वाटाड्या ढिम्म हलला नाही. माझं मत विचाराल तर वाटाड्या स्पितीचाच घ्या आणि "नाही" म्हणायची धमक असलेला घ्या. दिल्लीहून आलेल्या ग्रुप लीडरपेक्षा शंभर पट बरा. (सगळेच लीडर तसे नसतात, माहीत आहे.)

तुम्ही रोज अंबाझरी तलावाला फेऱ्या मारता, छान. पण त्याने पाय तयार होतात, रक्त नाही. नागपूर ३१० मीटरवर आहे आणि नवतप्याचं ऊन सोसलेल्या माणसाला विरळ हवेचा सराव झालेला नसतो. त्यापेक्षा पाठीवर भरलेली सॅक घेऊन रामटेकच्या पायऱ्या चढा-उतरा, नवे बूट घालूनच.

परमिट शिमला, रेकाँग पिओ किंवा काझा इथून मिळतं. कामाच्या दिवशी सकाळी पोहोचा, पासपोर्ट-ओसीआयच्या झेरॉक्स आणि फोटो जवळ ठेवा, मध्ये एक दिवस मोकळा सोडा. ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर छापून न्या. नियम बदलत राहतात, मी वकील नाही, निघायच्या आधी खात्री करून घ्या. परमिटचं जमलंच नाही तर मनालीकडून जा, पण मनालीत दोन रात्री, काझात किमान दोन, आणि या गावाहून त्या गावाची पायपीट उलट्या क्रमाने करा: धनकर, ल्हालुंग, देमुल, मग कोमिक, लांगझा. म्हणजे उंच मुक्काम शेवटी येतात. कुंझुम साधारण जूनमध्ये उघडतो, तेही त्या वर्षीच्या बर्फावर. आपल्या विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, त्याचा फायदा घ्या.

उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल डॉक्टरांनाच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

आणखी एक, हे भाच्याला तो विमानात बसायच्या आधी कळवा: गार्मिन इनरीच (उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) किंवा सॅटेलाइट फोन आणू नको. तिकडे ट्रेकवाले सर्रास वापरतात, पण आपल्याकडे परवानगीशिवाय बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर परदेशी लोकांना त्यापायी अडकवलेलं आहे. विमा तिकडूनच काढत असेल तर किती मीटरपर्यंत लागू आहे ते बघायला सांगा, कित्येक पॉलिसी एका उंचीनंतर हात वर करतात. तारखा पक्क्या झाल्या की कळवा, आमच्या वाटाड्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.