‘मेंदूचा दाह’ आणि ‘मेंदूतला दाह’

प्रश्न असा आहे: अल्झायमरवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या संशोधनाबद्दल मराठीत लिहायचे आहे. न्यूरोइन्फ्लमेशनला ‘मेंदूदाह’, इम्यून सिग्नलिंगला ‘प्रतिकारशक्तीचे संकेत’ आणि बायोमार्करला ‘जैवचिन्ह’ म्हटले तर चालेल का?

माझे मत: तिन्ही टाळावेत. त्यांच्या जागी अनुक्रमे ‘मेंदूतला जुनाट दाह’, ‘प्रतिकारपेशींमधले संदेशवहन’ आणि सरळ ‘बायोमार्कर’ लिहावे.

‘मेंदूदाह’ हा समास वाचक ‘मेंदूचा दाह’ असाच सोडवणार, आणि त्या आजारासाठी मराठीत रुळलेला शब्द आहे: मेंदूज्वर. जपानी मेंदूज्वर आपल्याला ठाऊक आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून ज्याचे नाव पडले, त्या विषाणूनेही मेंदूज्वर होतो. त्यात ताप, झटके, शुद्ध हरपणे हे सारे झपाट्याने घडते. अल्झायमरमध्ये दाहाची प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते आणि अंगात तापही नसतो. ‘मस्तिष्कशोथ’ लिहिले तरी वाचक मेंदूज्वराकडेच जातो. शिवाय ‘शोथ’ म्हणजे मुळात सूज; अल्झायमरमध्ये मेंदू सुजत नाही, उलट आकसत जातो. ‘चेतादाह’ हा शब्द सुटसुटीत दिसतो खरा, पण तो हातापायांच्या नसांच्या दुखण्याकडे बोट दाखवतो.

अडचणीचे मूळ जुने आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक केल्सस याने दाहाची चार लक्षणे सांगितली: लाली, उष्णता, वेदना, सूज. आपला ‘दाह’ त्यातली उष्णता पकडतो आणि ‘शोथ’ सूज. अल्झायमरमधल्या प्रक्रियेत या चारांपैकी एकही डोळ्यांना दिसत नाही की रुग्णाला जाणवत नाही. मेंदूच्या ऊतीत वेदना टिपणारे ग्राहीच नसतात. तरी ‘दाह’ टाकून देण्याची गरज नाही. ‘मेंदूचा’ऐवजी ‘मेंदूतला’ म्हटले की अख्खा अवयव पेटल्याचा अर्थ जातो आणि आत चाललेली प्रक्रिया उरते. ‘जुनाट’ने काळ कळतो. षष्ठीच्या जागी सप्तमीवरून साधलेले रूप, एवढ्या बदलात निम्मे काम होते.

आता संदेशवहन. मराठीत ‘संकेत’ म्हणजे रूढी, ठरलेली भेट किंवा गुप्त खूण. एका पेशीने दुसरीला काही कळवणे हा अर्थ त्यातून चटकन निघत नाही. ‘प्रतिकारशक्ती’ तर त्याहून घातक. ती कमी-जास्त होणारी ताकद आहे असे आपण मानतो, त्यामुळे ‘ती वाढवली की मेंदू वाचेल’ असा निष्कर्ष वाचक आपोआप काढतो. प्रत्यक्षात या आजारात त्रास अनेकदा प्रतिकारपेशींच्या न थांबणाऱ्या कामाचा असतो.

अल्झायमरचे संशोधक मिखाएल हेनेका यांच्या जर्मनीतल्या बॉनमधल्या कामाचे उदाहरण घेऊ. मायक्रोग्लिआ या मेंदूतल्या प्रतिकारपेशी अल्झायमरमध्ये साचणाऱ्या बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे पुंजके गिळतात. त्यामुळे पेशीच्या आत एनएलआरपी३ हे प्रथिन एएससी या दुसऱ्या प्रथिनाशी जुळते. या जुळणीला इन्फ्लमासोम म्हणतात. त्यातून कॅस्पेज-१ हे विकर (एन्झाइम) जागे होते. ते आयएल-१ बीटा या दाहाचा संदेश नेणाऱ्या प्रथिनाच्या कच्च्या रूपाला कापते, आणि तयार झालेला आयएल-१ बीटा पेशीबाहेर पडून शेजारच्या पेशींना भिडतो. अल्झायमरसारखी विकृती असलेल्या उंदरांत एनएलआरपी३ किंवा कॅस्पेज-१ नसेल तर स्मृतीची हानी बऱ्याच अंशी टळते आणि अमायलॉइडही कमी साचते, हे २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये याच गटाने दाखवले की बाहेर सुटलेले एएससीचे ठिपके अमायलॉइडला धरून ठेवतात आणि नवे पुंजके रुजवतात.

ही साखळी मराठीत उतरवताना प्रत्येक पायरीला ‘सक्रिय होते’ हे एकच क्रियापद लावले, तर कोणी कोणाला काय केले ते कळेनासे होते. जुळते, कापते, बाहेर पडते, भिडते ही साधी क्रियापदे इथे जास्त अचूक आहेत. आणि ‘उंदरांत’ हा शब्द मथळ्यापर्यंत गेला पाहिजे.

बायोमार्करबद्दल जरा सविस्तर. वैद्यकीय मराठीत ‘लक्षण’ म्हणजे रुग्ण सांगतो ते आणि ‘चिन्ह’ म्हणजे डॉक्टरला तपासताना दिसते ते. बायोमार्कर या दोन्हींपेक्षा वेगळा: तो ठरावीक पद्धतीने मोजला जातो. म्हणून ‘जैवचिन्ह’ नको. ‘जैवनिर्देशक’ म्हटले की प्रदूषण दाखवणारे दगडफूल आठवते. ‘रोगदर्शक’ तर चूकच, कारण बरेच बायोमार्कर एका रोगाशी बांधलेले नसतात. न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे चेतापेशींच्या लांब तंतूंमधले प्रथिन. तंतू तुटले की ते रक्तात वाढते, मग कारण मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा एएलएस हे चेतासंस्थेचे आजार असोत की डोक्याला मार. वयानुसारही ते वाढते आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले तरी वाढते. म्हणून बायोमार्कर हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘मोजता येणारी जैविक खूण’ असे उलगडून सांगावे.

ही खूण कशासाठी वापरली, तेही लिहायला हवे. अमेरिकेच्या एफडीए (औषध नियामक) आणि एनआयएच (वैद्यकीय संशोधन) या संस्थांच्या २०१६ च्या परिभाषासंग्रहात बायोमार्करचे सात प्रकार आहेत. त्यातले प्रोग्नॉस्टिक आणि प्रेडिक्टिव्ह हे दोन्ही मराठीत ‘भाकीत’ होऊन बसतात. पहिला आजाराची पुढची वाटचाल सांगतो, दुसरा कोणाला कोणता उपचार लागू पडेल ते. दोन्ही ठिकाणी एवढे पूर्ण शब्द खर्च करावेत. एकच प्रथिन दोन कामांनाही येते. जीएफएपी हे अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींमधले प्रथिन. २०१८ मध्ये एफडीएने डोक्याच्या सौम्य दुखापतीसाठी मान्य केलेल्या रक्तचाचणीत ते आहे, आणि अल्झायमरच्या २०२४ च्या सुधारित निकषांत तेच दाहाच्या गटात आहे.

चूक सर्वांत जास्त होते ती दिशेची. ‘बायोमार्कर वाढला’ हे वाक्य हाताला इतके सवयीचे असते की ए-बीटा४२ या बीटा-अमायलॉइडच्या एका रूपालाही लावले जाते. अल्झायमरमध्ये मेंदू-मज्जारज्जूद्रवातले, म्हणजे पाठीतून काढलेल्या पाण्यातले, ए-बीटा४२ कमी होते, कारण ते मेंदूत पुंजक्यांमध्ये अडकते. ते साध्या पॉलिस्टायरीन नळीच्या भिंतीलाही चिकटते आणि आकडा खोटाच खाली येतो. म्हणून नमुना पॉलिप्रोपिलीनच्या नळीत घेतात आणि ए-बीटा४० या दुसऱ्या रूपाशी त्याचे गुणोत्तर काढतात. याउलट, वाढ म्हणजे वाईटच असेही नाही. मायक्रोग्लिआवरच्या ट्रेम२ ग्राहीचा सुटा झालेला तुकडा या द्रवात जास्त असलेल्यांची स्मृती सावकाश ढासळते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. रक्तातला आयएल-६ हा दाहाचा आणखी एक संदेशवाहक वाढला तर त्याचा उगम मेंदूतच आहे असे म्हणता येत नाही. हिरड्यांचा आजारही त्याला पुरतो.

एककही जपावे. हे आकडे पिकोग्रॅममध्ये येतात, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. नॅनोग्रॅम लिहिले की हजारपट फरक पडतो.

क्रियापद शेवटी तपासावे. ‘रक्तचाचणीने मेंदूदाह ओळखला’ असे लिहिण्याऐवजी ‘रक्तातले जीएफएपी या गटात जास्त आढळले, मेंदूतल्या जुनाट दाहाशी त्याचा संबंध असू शकतो’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण संशोधकाने मोजले काय आणि अनुमान काय केले, हे त्यात वेगवेगळे दिसते.