पुन्हा पुन्हा तोच खेळ

प्रश्न : माझी अडीच वर्षांची मुलगी दिवसभर हाताला लागेल ते पिशवीत भरते, दुसऱ्या खोलीत नेऊन ओतते आणि पुन्हा भरू लागते. नवी खेळणी आणली, तरी तीही पिशवीतच जातात. तिला थांबवावे का?

उत्तर : थांबवू नये. वस्तू एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचा हा ध्यास या वयात अगदी नेहमीचा आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या अशा कृतींच्या साच्यांना ‘स्कीमा’ म्हटले. पुढे ब्रिटनमध्ये शिक्षणतज्ज्ञ क्रिस अ‍ॅथी यांनी १९७०च्या दशकात लहान मुलांचे निरीक्षण करून या स्कीमांचा तपशीलवार अभ्यास केला. कोणी सतत वस्तू गुंडाळते, कोणी त्या फेकते, तर कोणाला फिरणाऱ्या चाकावरून नजर हलवता येत नाही. तुमची मुलगी ओझे, आकारमान, ‘मावते’ आणि ‘मावत नाही’ यांचा अनुभव घेत आहे, आणि तो शब्दांनी देता येत नाही. म्हणूनच नवे खेळणे आणण्यापेक्षा लहानमोठे डबे, टोपली, ढकलगाडी द्यावी; किल्ल्या मात्र उंचावर ठेवाव्यात, कारण त्याही पिशवीत जाणारच! फेकणाऱ्या मुलालाही नुसते रागावण्याऐवजी मऊ चेंडू देणे अधिक उपयोगी पडते.

मात्र खेळात खंड पडताच ती दीर्घकाळ अनावर होत असेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल किंवा बोलणे मागे पडले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य भेटावे.