पिशवी घरात ठेवू नका

प्रश्न : ताई, घरात कापडी पिशव्यांचा ढीग आहे. तरी ऑफिसातून परस्पर मंडईत गेले की हात रिकामाच, आणि भाजीवाला ती पातळ प्लास्टिकची पिशवी पुढे करतो. मन खातं, पण घेते. मासे कापडी पिशवीत कसे आणायचे? आणि दुकानांत मिळतात त्या कापडासारख्या पिशव्या तरी चालतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पिशव्या घरात आहेत, हेच तुमचं दुखणं. भाजी ओट्यावर ओतलीत की तिथेच पिशवी झटकायची, घडी घालायची आणि लगेच उद्याच्या पर्समध्ये टाकायची. भाजी निवडणं त्यानंतर. एकदा कपाटात गेली की ती गेलीच. मला ही सवय लागायला दोन महिने लागले.

पर्ससाठी पिशवी पातळ हवी. जुन्या सुती साडीची शिवा, घडी रुमालाएवढी होते. १५ इंच रुंद, १८ इंच उंच पुरे. शिंप्याला एक मात्र बजावून सांगा : बंद नुसते वरच्या काठाला टाचायचे नाहीत, तळाखालून फिरवून घ्यायचे. नाहीतर दोन किलो बटाट्यांतच उसवतात. आईच्या एका नारिंगी वायलच्या पाच पिशव्या झाल्या होत्या, त्यातल्या तीन अजून चालू आहेत.

भाजी एकत्र होईल म्हणून वेगवेगळ्या पिशव्या मागू नका. कांदे-बटाटे तळाला, वर टोमॅटो, कोथिंबीर सगळ्यात शेवटी. मिरच्या, आलं, लिंबं छोट्या बटव्यात. आणि भाजीवाला पिशवी फुंकून उघडायच्या आत आपली पुढे धरायची. तराजूतून थेट तीत ओततो.

कापडासारख्या दिसणाऱ्या त्या बहुतेक पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच. एक धागा काडीने जाळून बघा. सुती कापडाची राख होते, याचा वितळून कडक मणी होतो. घरात आल्यात त्या फाटेपर्यंत वापरा, नव्या घेऊ नका.

राज्यात त्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८पासून बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. मी मात्र दंडासाठी सांगत नाही. २६ जुलै २००५ला कुर्ल्यात आमच्या चाळीत कमरेएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर नाल्याच्या तोंडाशी चिखलात थरावर थर बसलेल्या पिशव्या मी या हातांनी ओढून काढल्यात. एक ओढली की मागून दहा यायच्या. तेव्हापासून ती पातळ पिशवी हातात घेववत नाही.

राहिले मासे. त्यांना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. कोळीण पहिल्यांदा कुरकुरेल, दुसऱ्या खेपेला साफ करून स्वतःच डब्यात टाकेल. घरी आल्यावर पिशवीला वास नाही, भांडं बदलायला नको. माझा डबा उभा आहे, त्यामुळे अख्खं पापलेट मावत नाही, तुकडे करून घ्यावे लागतात. तुम्ही पसरटच घ्या.