जपानमध्ये नुकताच राहायला आलोय. देवळं-किल्ले सोडून काय बघावं?

आधी गल्लीतल्या सेंतोत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात जा. दारावरच्या पडद्यावर ‘ゆ’ (यु) हे जपानी अक्षर दिसलं की तेच. टोकियोत साधारण 550 येन पडतात. बुटक्या स्टुलावर बसून आधी साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, मगच हौदात उतरायचं. पाणी चांगलंच कढत, पहिल्यांदा चटका बसतोच. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. म्हातारी मंडळी घडी करून डोक्यावर ठेवतात. टोकियोकडे भिंतीवर बऱ्याचदा फुजी पर्वत रंगवलेला असतो. मला नळ कसा दाबायचा ते एका आजोबांनी खुणेनं दाखवलं. आता रस्त्यात भेटले की आम्ही दोघंही वाकून नमस्कार करतो. आणि हो, देवळं नको म्हणालात तरी क्योटोला गेलात तर फुशिमी इनारी हे देवस्थान पहाटेच गाठा, ते चोवीस तास उघडं असतं.